पेटीतल्या बाई

टेपरेकॉर्डर शाळेत आला त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणाल, बाईंनी पहिल्या दिवसापासूनच तोंड वाकडं केलं. केलंच होतं, पण ते तापामुळे.

सन दोन हजार एकचा ऑगस्ट महिना. आमची शाळा खैराच्या पाड्यावर, म्हणजे हरसूलला एसटीतून उतरायचं, मिळाली तर जीप पकडायची आणि जीप जिथे हात टेकते तिथून पुढे तासभर चालायचं. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातली एक मी. मूळची मनमाडची, नवरा तिथेच रेल्वेत. तो तिकडे, मी इकडे, आणि मुलगी माझ्या सासूबाईंकडे. हरसूलला एक खोली भाड्याने घेतली होती. शनिवारी दुपारी निघायचे ती दिवेलागणीनंतर मनमाडला पोचायचे, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने पुन्हा डोंगराकडे. असं किती वर्षं केलं, ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

दुसरे शिक्षक म्हणजे आमचे मुख्याध्यापक खंडेराव सर. माणूस चांगला, पण कागदात बुडालेला. त्या वर्षी जनगणना झाली होती, पोलिओचे डोस झाले होते, मतदार याद्या चालू होत्या, आणि यातून सवड मिळेल तेव्हा आम्ही शिकवतही होतो. चारही वर्ग बहुतेक दिवस माझ्याच गळ्यात असायचे. पहिली-दुसरी एका भिंतीकडे तोंड करून, तिसरी-चौथी दुसऱ्या भिंतीकडे, आणि मधे मी.

पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन वर्ष झालं होतं. त्यासाठी वरून रेडिओ-टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी आल्या. खंडेराव सरांनी तो खोका टॉवेलात गुंडाळून स्वतः डोक्यावरून आणला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. कुंकू जरा जास्तच वाहिलं गेलं, ते जाळीतून आत गेलं, आणि तेव्हापासून त्या यंत्राचा घसा बसला तो बसलाच. पाड्यावर विजेचे खांब होते, तारा होत्या, फक्त वीज नव्हती. म्हणून सहा मोठे सेल घालायचे. सेल उतरले की मुलं ते काढून कौलांवर उन्हात ठेवायची. दोन तास ऊन खाल्लं की आणखी एक गाणं निघायचं.

कॅसेटमध्ये एक ताई बोलायची. बसक्या यंत्रातूनही आवाज असा गोड की मलाच गुदगुल्या व्हायच्या. इंग्रजी शब्दांकडे वळण्याआधी ती मराठीतून म्हणाली, "मुलांनो, खिडकीबाहेर पाहा बरं. रस्त्यावर कोणकोणती वाहने दिसतात?" आणि मुलांना उत्तर देता यावं म्हणून थांबली. चाळीस मुलं खिडकीकडे धावली. बाहेर करवंदीच्या जाळ्या होत्या आणि एक गाय होती.

"बाई, तिला सांगा," चौथीतली सविता म्हणाली, "यक बी नाय. रस्ताच नाय."

तापातही मला हसू आलं. सगळी पोरं त्या यंत्राला टेप म्हणायची, सविता मात्र पेटी म्हणायची. ताईचं बोलणं मुलांना अर्धं कळत नव्हतं, कारण ती पुस्तकातल्यासारखं बोलायची आणि आमची मुलं घरी डोंगरातली कोकणी बोलतात. पण सविता ऐकत राहायची. चार दिवसांत तिला सगळी कॅसेट पाठ झाली, ताईच्या श्वासासकट.

या सविताबद्दल सांगायला हवं. देवरामची मधली मुलगी. अंगाने काडी, पण पाठांतर असं की तिसापर्यंतचे पाढे उलटे म्हणायची. वाचायला बसली की तोंडातून शब्द सांडायचा नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत अशी दोन-तीनच मुलं हाताखालून गेली होती, आणि त्यातलं एकही पुढे कुठे दिसलं नव्हतं. आमची शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की मुलगे गुरांमागे आणि मुली धाकट्या भावंडांमागे. तुम्ही कितीही डोकं आपटा.

सप्टेंबरमध्ये एक कागद आला, म्हणजे कागद रोजच यायचे, पण हा मी वाचला. नाशिकच्या बाजूला डोंगरातल्या मुलांसाठी एक निवासी शाळा निघाली होती. पाचवीपासून बारावीपर्यंत सगळं तिथेच. फेब्रुवारीत परीक्षा, आणि त्यातून चाळीस मुलं घेणार. तो कागद घेऊन मी त्याच संध्याकाळी देवरामच्या घरी गेले.

देवराम भाताच्या पेंढ्यावर बसून दोर वळत होता. त्याची बायको भागी चुलीपाशी. मी सगळं समजावून सांगितलं. मग देवराम म्हणाला, "बाई, थोरलीला आश्रमशाळेत घातली व्हती. म्हैनाभर रडली, आन् पाय वढत घरला आली. लोकं आजून हसत्यात. आता परत पोरीला लांब धाडली, तर मानसं काय म्हनतील?"

"ही परीक्षा आहे, देवरामभाऊ. निवडलं तरच जायचं."

त्याने दोराला पीळ दिला. "सरकारनं निवडली, तर मंग कोन नावं ठेवनार नाय. निवडली तर धाडतो. माजा शबुद. पन नाय निवडली, तर पुढच्या सालापासून तिनं आमच्यासंगं हाताला हात लावायचा. त्ये बी आत्ताच सांगतो."

असा सौदा झाला. निवडली तर बारावीपर्यंत शाळा, नाही निवडली तर दहाव्या वर्षी कांद्याच्या मजुरीला. आणि मी तो खुशीत मान्य केला, कारण सविता निवडली जाणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पण उठता उठता भागी म्हणाली, "बाई, दिवाळीनंतर ती आमच्यासंगं विंचूरला येईल. बारक्याला कोन सांभाळंल?"

मी पुन्हा खाली बसले.

बाहेरच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्या पाड्यांवर भात निघालं, नागली निघाली की काम संपतं. दिवाळी झाली की भांडीकुंडी बांधून माणसं निघतात, कोणी द्राक्षांच्या बागांत, कोणी कांद्यात, आणि परत येतात ती शिमग्याला. होळीला घरी नाही असा माणूस आमच्याकडे नाही. पण दिवाळी ते होळी या मधल्या चार महिन्यांत माझ्या वर्गात चाळीसची बारा मुलं उरतात. परीक्षा नेमकी फेब्रुवारीत. पोरगी विंचूरला कांद्याच्या खळ्यावर भावाला कडेवर घेऊन बसणार, आणि पुस्तकाला हात लावणार कधी? मी भांडले, रागावले, म्हटलं मीच ठेवून घेते तिला. भागी म्हणाली, "मंग बारक्याला बी ठेवून घेता का?"

टेपरेकॉर्डर न्यायला द्यावा ही कल्पना माझीच. कोणावर ढकलत नाही. खळ्यावर लाइट असते, सेलची कटकट नाही. मी चार कॅसेटींवर चौथीचा सगळा अभ्यास बोलून द्यायचा, आणि सविताने रोज ऐकायचा. पाठांतराची पोर, पंधरा दिवसांत सगळं पाठ करील.

खंडेराव सर ऐकून उभेच राहिले. "बाई, शाळेची वस्तू आहे. रजिस्टरला चढली आहे. तपासणी आली तर मी काय दाखवू?"

"दुरुस्तीला दिलाय म्हणा. आवाज बसलाय ते खोटं नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी काही बघितलं नाही." आणि दुसऱ्या दिवशी वायर गुंडाळायला रबर त्यांनीच आणून दिलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी मनमाडला गेले नाही. मुलीचा वाढदिवस होता, तरी गेले नाही, आणि त्यावरून घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. हरसूलच्या बाजारातून चार कोऱ्या कॅसेटी आणि शाळेतून टेप आदल्या दिवशीच आणला होता. खोलीचं दार लावलं आणि सकाळी आठला बोलायला बसले. पहिल्या कॅसेटवर मराठी, दुसरीवर परिसर अभ्यास, तिसरी-चौथीवर गणित. बाहेर कोंबड्या ओरडायच्या, शेजारीण पाटा-वरवंटा घेऊन बसली होती, मधेच कोणी दार वाजवायचं. तेही सगळं आत गेलं असणार.

पुस्तक वाचून दाखवणं सोपं होतं. गणितापाशी अडले. पोरीने नुसतं ऐकून गणित कसं येणार? म्हणून ताईची युक्ती उचलली. मी प्रश्न विचारायचा, मग थांबायचं, म्हणजे सविता पाटीवर सोडवून मोठ्याने उत्तर देईल. "सविता, बावन्नातून सत्तावीस गेले. पाटीवर मांड. किती उरले?" आणि मी मनात वीसपर्यंत आकडे मोजायची.

उत्तर मी सांगितलं नाही. दोन कॅसेटींत सगळं चौथीचं गणित बसवायचं होतं. प्रत्येक गणिताचं उत्तर सांगा, हातचा कसा घेतला ते सांगा, म्हणजे दोनाच्या चार कॅसेटी झाल्या असत्या. आणि सविताला उत्तरं कशाला सांगायची? हुशार पोर. तसाच विचार केला मी. दुपार झाली होती, घसा सुकला होता, कंबर धरली होती.

पण नुसतं थांबून पुढच्या प्रश्नाला जाणं मला जमेना. जिभेला सवय होती. वर्गात प्रश्न विचारायचा, मुलं एका सुरात ओरडतात, आपण शाब्बास म्हणायचं आणि पुढे जायचं. तेच केलं. वीस आकडे झाले की म्हणायचे, "शाब्बास, सविता! आता पुढचं." ऐकून बघितलं, तर छान वाटलं. वाटलं, तिथे परमुलखात पोरीला शाब्बास कोण म्हणणार आहे? चौथी कॅसेट संपली तेव्हा पाच वाजले होते. मी तशीच आडवी झाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आपण काहीतरी केलं असं वाटलं.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी पाड्यावर ट्रक आला. सविताने टेप गोधडीत बांधला होता आणि भाऊ कडेवर घेतला होता. मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं: रोज एक तास, पाटी घेऊन बसायचं, उत्तर मोठ्याने द्यायचं, मनात नाही. ती मान डोलवत राहिली. ट्रक गेल्यावर मी बारा मुलांकडे वळले.

तो हिवाळा रडतखडत गेला. थंडीने मुलं उशिरा यायची, मी त्याहून उशिरा. डिसेंबरात तपासणी आली. खंडेराव सरांनी साहेबांना गूळ-शेंगदाणे दिले, दुरुस्तीचं सांगितलं, आणि साहेबांनी विचारलंही नाही कुठे दिलाय म्हणून. जानेवारीत संक्रांतीला विंचूरकडून एक माणूस आला. मी त्याला अडवून सविताचं विचारलं.

"रोज बोलती पेटीसंगं," तो हसत म्हणाला. "खळ्यावर बाया कांदे निवडत्यात आन् ही पाटी घेऊन बसती. पेटी इचारती, ही वरडून सांगती, पेटी म्हनती शाब्बास. मुकादम बी म्हनतो, पोरगी लय हुशार हाय, यक बी चुकत नाय."

ते ऐकून मी घरी दोन पानी पत्र लिहिलं. नवऱ्याला लिहिलं की माझ्या कॅसेटींना तुम्ही हसत होतात ना, आता ऐका.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होती, केंद्र त्र्यंबकच्या एका शाळेत, तिथे मी आधीच जाऊन थांबले होते. देवराम विंचूरहून पहाटेची एसटी धरून नाशिकमार्गे सविताला घेऊन आला. तिच्या अंगावर नवीन फ्रॉक होता, केसांना तेल, हातांना कांद्याचा वास. देवरामच्या खांद्यावर गोधडीत बांधलेला टेप. शाळेची वस्तू परत द्यायला तो ती चार तास मांडीवर घेऊन आला होता.

"झाला का अभ्यास?" मी विचारलं.

"समदा," सविता म्हणाली. "चारी कॅसेटी तोंडपाठ. गनितात यकदा बी चुकली नाय, बाई." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शाळेच्या फाटकाशी कुठून कुठून आलेली पोरं उभी होती, हजारभर तरी असतील. त्यांच्याकडे बघून मला कीवच आली.

दोन तासांनी ती उड्या मारत बाहेर आली. प्रश्नपत्रिका हातात. देवराम चहा प्यायला गेला होता. आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत बसलो आणि मी पेपर उघडला. मराठीचं सगळं बरोबर. परिसर अभ्यासात एक चूक. मग गणित.

"बावन्न बोरं होती, सत्तावीस वाटली. किती उरली? काय लिहिलंस?"

"पस्तीस."

घाई झाली असेल म्हणून मी पुढचं विचारलं. एक्काहत्तरातून अठ्ठेचाळीस.

"सदतीस."

चारशे तीनमधून एकशे सव्वीस. तिने जराही न थांबता सांगितलं, "तीनशे तेवीस."

शिकवणाऱ्या माणसाला हे ओळखायला एक क्षण लागतो. पोर हातचा घेत नव्हती. वर लहान आकडा असला आणि खाली मोठा, की ती सरळ मोठ्यातून लहान वजा करत होती. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन. प्रत्येक वजाबाकीत तेच. भागाकारात वजाबाकी येते, म्हणून भागाकारही सगळे गेलेले. शाब्दिक उदाहरणंही गेली. मी खालपर्यंत एकेक प्रश्न विचारत गेले. गणिताच्या पंचवीस प्रश्नांत सात बरोबर होते.

"सविता," मी म्हटलं, "बावन्न कांदे आहेत. सत्तावीस पाटीत टाकले. बोटांवर मोज. किती राहिले?"

तिने बोटं मुडपली. ओठ हलले. "पंचीस."

"मग पस्तीस का लिहिलंस?"

"त्ये खळ्यावरचं गनित, बाई," ती समजुतीने म्हणाली, जणू मलाच शिकवत होती. "ह्ये शाळंचं. पयल्या दिशी माजं बी जुळत नव्हतं. पाटीवर पस्तीस आले आन् बोटांवर पंचीस. मला कळंना, खरं कोनचं? मंग मी पयल्यांदा पस्तीस म्हनलं, तर तुमी लगेच शाब्बास म्हनल्या. मंग मी बोटं सोडूनच दिली."

टेपवर मी तेव्हा घामाघूम होऊन वीस आकडे मोजत होते. तिने पस्तीस म्हटलं असतं, पन्नास म्हटलं असतं, काही म्हटलंच नसतं, तरी मी शाब्बासच म्हणणार होते. तीन महिने, रोज एक तास, मी माझ्या तोंडाने त्या पोरीला चूक घोटवून दिली होती. बरोबर काय ते तिला आधी येत होतं. ते माझ्या एका शब्दापायी तिने टाकून दिलं.

आणि ही चूक काही विंचूरला जन्मली नव्हती. पाटीवर पस्तीस लिहायला ती माझ्याच वर्गात शिकली असणार. चाळीस मुलं ओरडून उत्तर द्यायची, त्यात तिचा आवाज मोठा, मी शाब्बास म्हणायचे. वह्या यायच्या, मी वरपासून खालपर्यंत एक लांब रेघ ओढायचे आणि सही करायचे. चार वर्ग आहेत हो, दोन हात आहेत, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही. पण त्या भिंतीच्या सावलीत बसून ते कोणाला सांगणार होते?

सविता माझ्या तोंडाकडे बघत होती. ती वाट बघत होती नेहमीच्या शब्दाची. खरं सांगते, तो जिभेवर आला होता. म्हटलं, म्हणून टाकावं. यादी एप्रिलमध्ये लागेल, नाव येणार नाही, तेव्हा म्हणू की मुलं फार होती, नशीब नव्हतं. कोणाला कळणार आहे?

"चुकलं, सविता," मी म्हटलं. "बोटांचं बरोबर होतं. खळ्यावरचं आणि शाळेचं गणित एकच असतं. पंचवीस."

तिने पुन्हा बोटांवर मोजलं. मग प्रश्नपत्रिका माझ्या हातातून घेतली आणि एकेका वजाबाकीवर बोट ठेवत, ओठ हलवत ती मोजत गेली. तिसऱ्या गणितापर्यंत गेली आणि थांबली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात देवराम आला. मिशीला चहा लागलेला. "कसा ग्येला पेपर? बाई, व्हईल ना ही पास?"

"नाही होणार," मी म्हटलं. "गणित गेलं. देवरामभाऊ, तिची चूक नाही. माझी आहे. मी कॅसेटवर चुकीचं केलं. तिने चूक उत्तर दिलं तरी मी शाब्बास म्हणत गेले."

देवरामने टॉवेलने तोंड पुसलं. मला वाटलं ओरडेल. ओरडावं अशीच माझी इच्छा होती. पण तो गोंधळून म्हणाला, "तुमची चूक कशी व्हईल, बाई? तुमी तर बाई हाये. आमच्या पोरीसाठी कुनी येवढं केलं नव्हतं. आसू द्या. नशिबात आसंल त्ये व्हईल." मग त्याने गोधडी सोडून टेप काढला, वायर नीट गुंडाळली, वर ते रबर लावलं, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "ही तुमची पेटी. आता तिला काय येळ मिळायचा नाय. शिमग्यानंतर द्राक्षाच्या बागंत जायचं म्हनतो, तितं दोन हात जास्ती लागत्यात."

"देवरामभाऊ, पुढच्या वर्षी पुन्हा..." मी सुरू केलं. पण पाचवीला एकदाच घेतात, हे त्याला नाही तरी मला माहीत होतं. यादी लागली तेव्हा नाव नव्हतं, आणि आश्रमशाळेचं मी पुढे कितीदा बोलले तरी देवराम आपल्या शब्दावर राहिला. मलाही कुठल्या तोंडाने जोर करता येणार होता? पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी टेप हातात घेऊन नुसती उभी होते.

नाशिकची एसटी लागली. देवराम पुढे झाला, आणि चढता चढता सविताला काहीसं दटावून म्हणाला, "बाईंला का आसं बोलाया लावलंस? त्या कशा चुकतील?"

सविताने वळून माझ्याकडे बघितलं. तिला माझा राग आला नव्हता, हे मी आजही कोणालाही शपथेवर सांगेन. ती बापाची समजूत घालत होती.

"चुकल्या नाय, बा," ती म्हणाली. "आपून लांब व्हतो ना, म्हनून त्यांला माजं आयकू ग्येलं नाय."

गाडी सुटली. चार वर्षं ती पोरगी माझ्यापासून चार हातांवर, पहिल्या रांगेत बसत होती.